दहा माणसांच्या आतला धूर



आमचे शिक्षण मराठी सातवीपर्यंतच झाले. पुढची विद्या संघटनेच्या कचेरीत, गेटसभांत आणि वाचनालयाच्या बाकावर जमेल तशी मिळवली. तेव्हा धातूच्या भट्टीवर आणि हवेच्या शास्त्रावर आम्ही व्याख्यान द्यावे, हा थोडा आगाऊपणाच आहे. पण याच विषयाने आम्हाला एकदा तोंडघशी पाडले. जिथे माणूस पडतो तिथली जमीन त्याला चांगली ठाऊक होते, एवढ्याच अधिकाराने आम्ही उभे आहोत.

आपल्या कोपरगावच्या बेटावर शुक्राचार्यांचे स्थान आहे. त्यांच्यापाशी मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या होती, अशी कथा आहे. कामगाराच्या वाट्याला ती विद्या येत नाही. त्याला आधीच जपावे लागते.

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ आपण सर्वांनी ऐकली आहे. तांबट भांडे ठोकून घडवतो, ओतारी धातूचा रस साच्यात ओततो. घुंगरू, घंटा, देवाच्या मूर्ती हे ओताऱ्याचे काम. ते बहुधा घरीच चालते. पडवीत भट्टी, शेजारी चूल आणि पलीकडे पोरांची अंथरुणे.

आमच्या संघटनेचा एक सभासद असाच ओताऱ्याच्या घरातला. दिवसा तो एका कारखान्याच्या ओतशाळेत काम करी. तिथे भट्टीवर धूर ओढणारा पंखा नव्हता. तो बसवून घेण्यासाठी आम्ही दीड वर्ष भांडलो आणि बसवून घेतला. त्या दिवशी पेढे वाटले. दोन वर्षांपूर्वी श्रावणात हा सभासद कामावर येईना. चौकशी केली तर थंडी वाजून ताप. हिवताप म्हणून गोळ्या चालू होत्या. दोन दिवसांत उठला, चार दिवसांनी पुन्हा पडला. आम्ही घरी गेलो तेव्हा कळले, की पोळ्यासाठी तो रात्री घरी पितळ ओतीत होता. घरात धूर इतका, की दिव्याभोवती कडे दिसत होते. आम्ही रागावलो. तो शांतपणे म्हणाला, "अण्णा, कारखान्यात तुम्ही मॅनेजरला घेराव घातलात. इथं कुणाला घालणार? मला का?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आजचे भाषण म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

प्रथम तापाचे बघू. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. तांबे 1085 अंशांना वितळते. जस्त 420 अंशांना वितळते आणि 907 अंशांना चक्क उकळू लागते. पितळेचा रस ओतण्याजोगा होतो तो या उष्णतेच्या वरच. म्हणजे मुशीतून जस्ताची वाफ निघणारच. ती हवेला लागताच जळते आणि तिची पांढरी, कापसासारखी हलकी राख होते. तिचे कण इतके बारीक, की तोंडाला बांधलेल्या उपरण्यातून ते सरळ आत जातात. काही तासांनी, बहुधा रात्री, तोंडाला गोडसर धातूची चव येते, अंग मोडते, हुडहुडी भरते, ताप चढतो. एक-दोन दिवसांत उतरतोही. गंमत अशी, की रोज धूर खाणाऱ्याला शरीर थोडे सरावते. सुट्टी घेतली की तो सराव मोडतो आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ताप येतो. म्हणून इंग्रज कामगार याला सोमवारचा ताप म्हणत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. धुराच्या धंद्यात मात्र सुट्टीनंतरचा सोमवार असा फिरून अंगावर येतो!

दूध-गूळ खाल्ला की धूर बाधत नाही, असा समज आहे. दूध-गूळ जरूर खावा. पण तो पोटात जातो, धूर फुप्फुसात जातो. त्यांची गाठ पडत नाही.

जस्ताचा ताप निदान उतरतो. शिशाचे तसे नाही. नळाच्या तोट्या आणि व्हॉल्व्ह यांच्या पितळेत, कापायला सोपे जावे म्हणून, शिसे घातलेले असते. ती मोड भट्टीत पडली की शिशाचा धूर निघतो, जमिनीवर बसतो आणि रांगणाऱ्या मुलाच्या हाताने तोंडात जातो. मुलांच्या वाढत्या मेंदूला ते पोखरते. ताप नाही, खोकला नाही; फक्त पोर अभ्यासात मागे पडते आणि आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो. आमच्या सभासदाच्या धाकट्या मुलीचे रक्त तपासले तेव्हा त्यात शिसे निघाले. ती सहा वर्षांची होती आणि भट्टीच्या भिंतीलगत झोपत होती. त्या दिवशी आम्हाला आमचे पेढे आठवले.

मग आम्ही उत्साहाने चूक केली. वर्गणी काढून एक मोठा पंखा आणला आणि समोरच्या भिंतीत उंचावर बसवला. धूर भट्टीतून निघून ओताऱ्याच्या नाकावरून जाऊन मग पंख्याकडे जाऊ लागला. तिथून बाहेर पडला तो शेजारणीच्या अंगणात, तिच्या वाळत घातलेल्या पापडांवर. ती माउली भांडायला आली, आणि तिचेच बरोबर होते. शिवाय दारे बंद ठेवून पंखा चालवला, की चुलीचा धूर उलटा घरात येई.

आपण एक प्रयोग घरी करून पाहा. हातभर अंतरावरची पणती फुंकरीने विझते. तीच पणती श्वास आत ओढून विझवून दाखवा! विझत नाही. हवा ढकलणे सोपे, ओढणे अवघड. नळीच्या तोंडाशी जी ओढ असते, ती नळीच्या रुंदीइतक्या अंतरावर गेले की जेमतेम दहावा हिस्सा उरते. म्हणून पंखा किती मोठा, यापेक्षा धुराच्या उगमाजवळ तो किती ओढतो, हा खरा प्रश्न आहे.

हे कळल्यावर काम स्वस्तात झाले. भट्टी बाहेरच्या भिंतीला लावली. तिला तीन बाजूंनी आणि वरून काळ्या पत्र्याचे कोंडाळे केले. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घेतला नाही, नाहीतर कोंडाळेच तापून जस्त सोडायचे. समोरची एकच बाजू उघडी. धूर माणसाच्या तोंडासमोर न येता मागे ओढला जावा, अशी नळी मागून काढली आणि आढ्याच्या वर तीन फूट नेली. पंखा नळीच्या बाहेरच्या टोकाला बसवला, म्हणजे नळीला भोक पडले तरी घरातली हवा आत ओढली जाते, धूर घरात गळत नाही. माणसाच्या पाठीमागचे दार उघडे, म्हणजे ताजी हवा पाठीकडून येऊन धुराला पुढे लोटते. साचेही त्याच कोंडाळ्यात मांडले. कारण ओततानाही धूर निघतो. शेवटी उदबत्ती लावून मुशीच्या जागी धरली. तिचा धूर कुठे जातो ते डोळ्यांनी दिसते. आता रोज भट्टी पेटवण्यापूर्वी ती उदबत्ती लागते. देवापुढे एक, भट्टीपुढे एक.

बाकीची पथ्ये साधी आहेत. जस्त शेवटी घालावे, रस गरजेपेक्षा जास्त तापवू नये. बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्या आणि रंगवलेली मोड घरात वितळवू नये. ओली मोड मुशीत कधीही टाकू नये, पाण्याची वाफ होऊन रस अंगावर उडतो. जमीन कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कपडे बदलून, हात धुऊन मगच जेवायला बसावे. आणि भट्टीच्या भिंतीलगत मुलांना झोपवू नये.

आता कायद्याचे. 1881 च्या पहिल्या कारखाना कायद्यात कारखाना म्हणजे यंत्रशक्तीवर चालणारी 100 माणसांची जागा. 1891 साली ती संख्या 50 झाली, 1922 साली 20, आणि 1948 साली 10. एकेका आकड्यामागे माणसे झिजली आहेत. 1948 च्या कायद्याचे 14 वे कलम सांगत होते, की धूर ओढणारे साधन धुराच्या उगमाच्या शक्य तितके जवळ हवे आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त हवी. आम्ही ठेचा खाऊन जे शिकलो ते तिथे छापलेले होते! 85 वे कलम सरकारला लहान जागाही कायद्याखाली आणू देत होते. मात्र मालक केवळ घरच्या माणसांच्या मदतीने काम करत असेल, तर ती जागा त्यातूनही वगळलेली. 2020 साली संमत झालेली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आलेली नवी संहिता तर ही संख्या यंत्रशक्तीसह 20 आणि तिच्याविना 40 वर नेते. शंभरावरून दहावर यायला 67 वर्षे लागली. उलटा प्रवास एका कायद्यात झाला.

आम्ही असे म्हणत नाही, की प्रत्येक घरात इन्स्पेक्टर शिरावा. घरात शिरलेला इन्स्पेक्टर काय काय मागतो, हे आपण जाणता. पण धूर माणसे मोजत नाही. दहाव्या माणसाला बाधणारा धूर पहिल्यालाही बाधतो. तेव्हा जिथे कायदा पोचत नाही, तिथे संघटनेने, पतपेढीने, नगरपालिकेने पोचावे. कोंडाळे आणि नळी यांना कर्ज द्यावे. मुलांच्या रक्ताची तपासणी व्हावी. आणि घुंगरमाळ विकत घेणाऱ्याने चार पैसे जास्त द्यावेत, कारण ते चार पैसे म्हणजेच ती नळी आहे.

"इथं कुणाला घेराव घालणार?" असे त्याने विचारले होते. आम्ही आज उत्तर देतो: घेराव धुराला घालायचा. तीन बाजूंनी, आणि अगदी जवळून. मुलगी आता दुसऱ्या खोलीत झोपते. तिच्या रक्तातले शिसे कमी होत आहे; पूर्वी जे गेले ते परत येईल असे डॉक्टर म्हणत नाहीत. गेल्या पोळ्याला तिच्या बापाने ओतलेल्या माळा गावात वाजल्या. त्या ऐकताना आम्हाला आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली.