संगणक लवकर सुरू का होत नाही?



आज एका लहानशा वाटणाऱ्या प्रश्नावर बोलावयाचे आहे. कर्जत-खालापूर भागात पालकांशी संगणकाचा विषय निघाला की तक्रार ठरलेली, "बटण दाबून चहा पिऊन झाला तरी हा काही चालू होत नाही." मग कोणीतरी जाणता सल्ला देतो, मदरबोर्ड बदला, नवा बोर्ड झटकन सुरू होतो. या सल्ल्यावर पैसे घालण्यापूर्वी दहा मिनिटे माझे ऐका.

शाळेची तासिका पस्तीस मिनिटांची धरा. त्यातली पाच मिनिटे यंत्र जागे होण्यात गेली, तर सातवा हिस्सा गेला. ज्या मुलीच्या घरी संगणक नाही, तिचे हे नुकसान कोण भरून देणार? त्यात आपल्याकडचा पाऊस. वीज दोनदा गेली की यंत्र दोनदा नव्याने सुरू करावे लागते. (खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ सालचे, भिवपुरीचे १९२२ सालचे. आपल्या दाराशी वीज तयार होऊन मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. असो.)

बटण दाबल्यावर आत काय घडते? आपण सर्वांनी पाहिले आहे, घाट चढणाऱ्या अनेक गाड्या कर्जतला थांबतात, त्यांना मागून बँकर इंजिने जोडली जातात आणि मग बोरघाटाची चढण सुरू होते. १८६३ साली सुरू झालेल्या या मार्गावर काही ठिकाणी सदतीस फुटांस एक फूट असा चढ आहे. संगणकाचेही असेच दोन टप्पे असतात. मदरबोर्डवरील एका चिपमध्ये एक प्रोग्राम असतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, नव्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. रॅम, कीबोर्ड, डिस्क जागच्या जागी आहेत का, हे तो तपासतो. हा झाला कर्जतचा थांबा. त्यानंतर डिस्कवरून विंडोज वाचून घेतले जाते. हा झाला घाट. थांबा दोन मिनिटांनी कमी केला म्हणून घाट सपाट होत नाही.

जुन्या यंत्रांत घाट अवघड होतो तो हार्ड डिस्कमुळे. तिच्यात खरोखरीची तबकडी फिरते, बहुधा मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे. विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान तुकडे निरनिराळ्या जागांवरून वाचावे लागतात आणि प्रत्येक वेळी वाचणारा काटा सरकून तबकडी फिरून येण्याची वाट पाहतो. असे सेकंदाला सुमारे शंभर तुकडे वाचून होतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. साधी एसएसडीदेखील सेकंदाला हजारो तुकडे वाचते. जुन्या यंत्राला एवढी एकच वस्तू बसवली तरी मिनिटांचे काम बहुधा अर्ध्या मिनिटावर येते, आणि बोर्ड तोच राहतो.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, घड्याळ लावा. बटण दाबल्यापासून गोल फिरणारे ठिपके दिसेपर्यंतचा वेळ मुख्यतः बोर्डाचा. तेथून काम सुरू करता येईपर्यंतचा वेळ डिस्कचा आणि आपण भरून ठेवलेल्या प्रोग्रामांचा. यूईएफआयच्या यंत्रावर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानात 'लास्ट बायोस टाइम' म्हणून सेकंदांचा आकडाही दिसतो. तो दहा-पंधरा असेल, तर बोर्ड बदलून वाचणार तरी किती? त्याच पानावर नको असलेले प्रोग्राम बंदही करता येतात. त्याला एक पैसा लागत नाही.

शिवाय बोर्ड एकटा येत नाही. जुना प्रोसेसर आणि जुनी रॅम नव्या बोर्डावर बहुधा बसत नाहीत, आणि यंत्राबरोबर आलेले विंडोजचे लायसन्सही नव्या बोर्डावर चालेलच असे नाही. बोर्डासाठी गेलेला माणूस लॅमिंग्टन रोडवरून जवळजवळ नवा संगणक घेऊन परततो. याला आपल्याकडे इस्राफ म्हणतात.

तरीही नवा बोर्ड घ्यावा लागतो, तो दुसऱ्या कारणाने. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० व ठराविक प्रोसेसर लागतात. ज्यांना त्यासाठी घ्यावयाचेच आहे, त्यांनी एसएसडीसाठी एम.२ ची जागा आहे ना, हे पाहावे. डीडीआर५ रॅमचा बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळणी करीत कित्येक मिनिटे काळा पडदा दाखवू शकतो. घाबरून वीज बंद करू नका. नंतर सेटिंगमध्ये 'फास्ट बूट' चालू करा आणि नेटवर्कवरून सुरू होण्याचा पर्याय बंद करा. ज्यांना खर्च झेपत नाही, त्यांना जुन्या यंत्रावर लिनक्स घालण्याचा मार्ग मोकळा आहे.

डिस्क बदलण्याआधी मुलांचे दाखले, गुणपत्रिका आणि फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. दुकानदार "सगळे राहील" म्हणाला, तरी घ्या.

आणि यंत्र दर वेळी तारीख विसरत असेल, सुरू होताना 'एफ१ दाबा' म्हणून अडून बसत असेल, तर बोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. सीआर२०३२ असे म्हणून मागा. घड्याळाच्या दुकानातही मिळते. यंत्राची वायर काढून ती बदला आणि तारीख-वेळ पुन्हा लावून घ्या.