जंतूचा उग्रपणा कशावर ठरतो?

साथ जुनी झाली की तिचा जंतू आपोआप मवाळ होतो, अशी एक समजूत आहे. तर्क वरवर बिनतोड वाटतो: ज्याच्या अंगात राहायचे त्यालाच मारले, तर जंतूने जायचे कुठे? पण जंतूचा उग्रपणा त्याच्या वयापेक्षा, तो एका शरीरातून दुसऱ्या शरीरात कोणत्या वाटेने जातो यावर अधिक ठरतो, असे मला मांडायचे आहे. पुरावा घेऊ येर्सिनिया या ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या प्रजातीचा. आतड्यांत वस्ती करणाऱ्या जिवाणूंच्या मोठ्या गणात ती मोडते आणि तिच्यातल्या तीन जाती माणसाला रोग देतात. एंटेरोकोलिटिका आणि स्यूडोट्युबरक्युलॉसिस या दोन जाती दूषित अन्नपाण्यातून पोटात जातात. ताप येतो, पोट दुखते आणि बहुतेक रोगी बरे होतात. तिसरी जात पेस्टिस, म्हणजे प्लेगचा जंतू. उपचार झाले नाहीत, तर गाठीच्या प्लेगने सुमारे निम्मे रोगी दगावतात.

हा जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी 1894 साली हाँगकाँगमध्ये ओळखला. दोनच वर्षांनी मुंबईत मांडवीला मूळ गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. म्हणजे जंतू ठाऊक होता, पण त्याची वाट ठाऊक नव्हती. म्हणून सरकारने घरे धुतली, सामान जाळले, माणसे सक्तीने वेगळी ठेवली. साथ हटली नाही. उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर राहायला जायचे, हे खेड्यांतल्या लोकांना कळले होते. पण उंदरापासून माणसापर्यंत रोग कसा येतो ते कोडेच होते. पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 साली कराचीत पिसवेवर बोट ठेवले, तेव्हा बहुतेकांनी ते मानले नाही. 1905 नंतर प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत काळजीपूर्वक प्रयोग केले. रोगी आणि निरोगी प्राणी एकाच खोलीत ठेवले. पिसवा शिरणार नाहीत अशा बारीक जाळीतले प्राणी वाचले, उघडे राहिलेले मेले. हवा तीच, खोली तीच. फरक फक्त पिसवेचा होता.

पुढचा धागा जनुकांच्या अभ्यासातून मिळाला. पेस्टिस ही स्यूडोट्युबरक्युलॉसिसपासूनच फुटलेली आणि उत्क्रांतीच्या हिशेबाने अगदी अलीकडची शाखा आहे, असे 1999 साली दिसून आले. मग अमेरिकेत माँटानातल्या प्रयोगशाळेत 2014 साली हा प्रवास टप्प्याटप्प्याने पुन्हा घडवून पाहिला गेला. पिसवेच्या पोटात तगून राहण्यासाठी एक नवे जनुक मिळावे लागले. काही जुनी मात्र निकामी व्हावी लागली. त्यातले एक युरिएझ नावाच्या विकराशी संबंधित होते, कारण तो विकर पिसवेलाच मारक ठरत होता. इतर बदलांमुळे जंतू पिसवेच्या अन्ननलिकेच्या टोकाशी चिकट थर धरून ती तुंबवू लागला. उपाशी पिसू पुन्हापुन्हा चावते आणि जंतू जखमेत ओकते. पण पिसू एका वेळी रक्ताचा थेंबही पुरा पीत नाही. तेवढ्यातून जंतू पुढे जायचा, तर उंदराच्या रक्तात त्यांची कोट्यवधींनी गर्दी हवी. इतकी गर्दी ज्या अंगात होते ते अंग बहुधा वाचत नाही. पिसवेच्या वाटेवर मवाळपणा परवडणारा नव्हता, आणि आतड्याच्या वाटेवर राहिलेल्या दोन्ही जातींना उग्र होण्याची तशी गरज पडली नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. युरोप-आशियातल्या कांस्ययुगीन माणसांच्या दातांत पेस्टिसचा डीएनए सापडला आहे आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात सुरुवातीच्या नमुन्यांत ते नवे जनुक नव्हते. म्हणजे पिसवेआधीच जंतू जीवघेणा होता काय? तसे लगेच ठरत नाही. काही प्राण्यांचे रक्त प्यालेल्या पिसवेत जंतू त्या जनुकाविनाही टिकतो, असे पुढच्या प्रयोगांत दिसले. तेव्हा अपुरी का होईना, पिसवेची वाट तेव्हाही असू शकेल. दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: प्रतिजैविके असताना ही वाट शोधण्याचा खटाटोप कशाला? एक तर मादागास्करमध्ये 1995 साली अनेक औषधांना दाद न देणारा पेस्टिस सापडला आहे. शिवाय औषध रोग्यापर्यंत वेळेत पोचावे लागते. फुफ्फुसाच्या प्लेगमध्ये पहिल्या दिवसातला उशीरही जिवावर बेततो.

त्या फुफ्फुसाच्या प्लेगमध्ये वाट पुन्हा बदलते: जंतू खोकल्याच्या थेंबांतून थेट माणसाकडून माणसाकडे जातो. 2017 साली मादागास्करच्या शहरांत हेच घडले. तिथे नुसते उंदीर मारून भागत नाही. तोंडावर पट्टी लागते, रोग्याच्या सहवासातल्यांना औषध द्यावे लागते. जंतू तोच, पण वाट बदलली की उपायही बदलतो. म्हणून साथ मवाळ होण्याची वाट पाहत बसणे हे धोरण होऊ शकत नाही. भारतात प्लेग जवळजवळ तीन दशके शांत होता आणि 1994 साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत तो पुन्हा दिसला. उंदीर आणि पिसवांची तपासणी शांत वर्षांतही चालू ठेवायची ती याचसाठी. रोगी दवाखान्यात पोचण्याआधी जंतू या उंदीर-पिसवांतच सापडू शकतो, आणि तिथे सापडला तरच त्याची वाट वेळेवर अडवता येते.