आधी निरीक्षण, मग अनुमान
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)

आदरणीय सर, बाई आणि १९९७ च्या दहावीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील अनुभव’ असा विषय दिला होता. पण मी बोलणार आहे एका जुन्या ट्रकबद्दल. तुमच्यापैकी अनेकजण शाळेच्या सहलीला त्याच्याच हौद्यात बसून गेलाय, असं म्हणायची सोय नाही, कारण तो आला १९९८ साली. पण माझ्या इंजिनिअरिंगची चारही वर्षांची फी त्यानं भरली, हे मात्र खरं.

२०१७ च्या ऑक्टोबरात भावाचा फोन आला. “ताई, गाडी मागून रडतीय.” ऊस वाहतुकीचा करार झालेला, कारखान्याची उचल घेऊन टोळीला दिलेली, गळीत हंगाम तोंडावर. हायवेवरच्या एका गॅरेजनं सांगितलं होतं की क्लच, गिअरबॉक्स, डिफरेन्शियल सगळंच काढा. खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या जवळ जाणारा. मी पुण्यात बसून एक्सेल मांडलं आणि निकाल दिला : एकोणीस वर्षांची गाडी, दरवर्षी फिटनेसची कटकट, विकून टाका. आण्णा फोनवर एवढंच म्हणाले, “बघा, तुम्ही शिकलेली माणसं.” त्या वाक्यानं मी शनिवारची पहिली एसटी धरली.

गावात आपल्याच वर्गातल्या मित्राचं गॅरेज आहे. तो आज मागच्या रांगेत बसलाय, तेव्हाही तिथंच बसायचा. त्यानं पान्याला हातच लावला नाही. आधी विचारत बसला. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलं, न्यूट्रलमध्ये, तर आवाज येतो का? नाही. क्लच दाबला-सोडला की? नाही. मग आम्हाला घेऊन फेरी मारली. आवाज सगळ्या गिअरना सारखा, गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा आणि ऍक्सिलरेटर सोडला की सूर बदलणारा. म्हणजे दोष एखाद्या गिअरचा नव्हे, बहुधा गिअरबॉक्सच्या मागचा.

मग प्रॉपेलर शाफ्ट हातानं हलवून पाहिला. एका क्रॉसमध्ये ढिलेपणा होता. गिअरबॉक्सचं ऑइल काढलं, ते ठीक. डिफरेन्शियलचं काढलं, तर कमी भरलं आणि त्यात चमचमणारे तुकडे. मॅग्नेटवर थोडी बारीक राखाडी पेस्ट असली तर चालतं, नखात धरता येतील असे तुकडे चालत नाहीत. उघडल्यावर क्राउनचे दात टवकलेले आणि पिनियनचं बेअरिंग गेलेलं दिसलं.

इथं मी म्हटलं, “सापडलं, बदलून टाक.” तो म्हणाला, “ऑइल कमी का झालं ते सापडलं का?” पिनियनचा सील गळत होता. आणि सील का गळला? हौसिंगवरचा ब्रीदर चिखलानं बुजला होता. आतली हवा तापून फुगते, बाहेर पडायला वाट नसली की ऑइलला सीलमधून ढकलते. बोटभर भाग, पण तो साफ केला नसता तर नवी जोडीही तशीच गेली असती.

पर्याय तीन होते. भंगार बाजारातून अख्खं जुनं डिफरेन्शियल आणणं स्वस्त पडलं असतं, पण रेशो जुळायला हवा आणि आधीच्या मालकानं ते कसं वापरलं हे कोण सांगणार? सगळंच नवं करायचं तर पैसा नव्हता. आम्ही मधला धरला : क्राउन आणि पिनियन जोडीनंच नवे (ते एकमेकांशी जुळवून बनवलेले असतात, एकच बदलून भागत नाही), बेअरिंग, सील, क्रॉस. क्लच राहू दिला. “गिअरबॉक्स उतरवायची वेळ येईल तेव्हा क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच करू, मजुरी एकदाच पडेल,” असं ठरलं. दातांना रंग लावून, चाक फिरवून, ठसा मधोमध उमटेपर्यंत त्यानं शिम बदलल्या. त्यातच दोन दिवस गेले. खर्च आला गाडीच्या किमतीच्या पाव हिश्श्याच्या आत.

ट्रक आणखी तीन हंगाम चालला. टोळीची उचल फिटली. मग भावानं तो विकला, घेणाऱ्याला काय बदललं आणि काय बदललं नाही हे सांगून.

सर, तुम्ही प्रयोगवहीत ‘अनुमान’ आधी लिहिणाऱ्याला बाकावर उभं करायचात. मी एकदाही उभी राहिले नाही, हा मित्र कायम उभा असायचा. पण त्या दिवशी अनुमान आधी लिहिलं ते मी, आणि निरीक्षण केलं ते त्यानं. ऑफिसात आता कुणी सगळा प्रोग्रॅम नव्यानं लिहू म्हणालं, की मी विचारते, “ब्रीदर बघितला का?” कुणाला कळत नाही. तुम्हाला कळेल, म्हणून इथं सांगितलं.