दुपारची मजुरी



राजस्थानात फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला. त्यामानाने आम्ही तलासरी-डहाणूकडचे लोक सुखी, असे कोणी समजू नये. वाळवंटातली हवा कोरडी. तिथे घाम वाळतो आणि अंग निवते. आमच्याकडे समुद्र जवळ, हवा दमट. घाम अंगावरच राहतो. म्हणूनच हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी मुलखात ४० अंशांपासून करते, तर किनाऱ्यावर ३७ पासूनच.

उन्हाळा कसा काढावा, हे वारली माणसाला शिकवावे लागत नाही. कारवीचे कूड, त्यांवर शेणामातीचा लेप. घर थंड राहते. पहाटे काम, दुपारी झाडाखाली. पण दिवाळीनंतर तोच माणूस वीटभट्टीवर जातो. तिथे मजुरी हजार विटांच्या हिशेबाने. दुपारी टेकला, तर विटा कमी, पैसे कमी. आणि उचल तर आधीच डोक्यावर. अशा माणसाला ‘उन्हात जाऊ नका’ हा उपदेश काय कामाचा?

चूक आमचीही आहे. आम्ही वर्षानुवर्षे दरासाठी भांडलो. एका भट्टीवर दर वाढला, तेव्हा एक बाई म्हणाली, “भाऊ, दर वाढला, पण दुपार कुठं टळली?” आम्ही निरुत्तर झालो.

तेव्हापासून आमची मागणी एकच: प्यायला पाणी, बसायला सावली, आणि दर असा की दुपार सोडूनही दिवस भरावा. सावली फुकट असते. तिच्यात बसण्याची किंमत मात्र आज मजूर एकटाच मोजतो.