टक्का तोच, घर वेगळं



दीक्षान्त समारंभाला आलेला पाहुणा ‘हालअपेष्टांनीच माणूस घडतो’ असं म्हटल्याशिवाय सहसा खाली बसत नाही. आज ते वाक्य जरा पारखून बघू.

ग्लेन एल्डर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने ते फार चिकाटीने पारखलं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची, 1920-21 मध्ये जन्मलेली 167 मुलं. महामंदीच्या काळात त्यांच्या नोंदी दुसऱ्याच संशोधकांनी ठेवल्या होत्या. एल्डरचं पुस्तक आलं 1974 मध्ये. 1929 ते 1933 या काळात ज्या घराचं उत्पन्न साधारण एक तृतीयांशाहून जास्त घटलं, ते त्याने झळ बसलेलं धरलं. अशा घरांत मुलगे किरकोळ कमाईला लागले, मुलींच्या गळ्यात घरकाम पडलं, वडिलांच्या शब्दाचं वजन घटलं आणि निर्णय आईकडे आले.

इथवर सगळ्यांची कहाणी सारखीच. फाटा फुटतो तो पुढे. झळ सोसलेल्या मध्यमवर्गीय घरांतली मुलं मोठेपणी खंबीर निघाली, काही बाबतींत झळ न बसलेल्यांपेक्षाही सरस. कामगारांच्या मुलांना मात्र तीच ओढाताण शिक्षणात आणि मनःस्वास्थ्यात महागात पडली. तेव्हा पाहुण्यांचं ते वाक्य अगदीच खोटं नाही, पण ज्यांच्या गाठीशी आधीच काही होतं, त्यांचंच ते आत्मचरित्र आहे. (शिवाय ही मुलं कमावती झाली तेव्हा दुसऱ्या महायुद्धामुळे नोकऱ्या परत आल्या होत्या. हेही विसरायचं नाही.)

आता त्याच मंदीतलं, व्हिएन्नाजवळचं मारिएनथाल हे गाव. गावाचा पोशिंदा असलेली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांचा तिथला अभ्यास 1933 मध्ये छापून आला. वाचनालयाची वर्गणी माफ झाली, तरी पुस्तकं नेणारे घटले. वेळच वेळ होता, वाचायला मन नव्हतं. संशोधकांनी रस्त्यावरच्या माणसांची चालसुद्धा मोजली. पुरुष रेंगाळत, दर थोड्या वेळाने थांबत. बायका झपझप निघून जात. पगार बायकांचाही गेला होता, पण चूल, धुणं, ठिगळं, मुलं यांतून कुणाची सुटका झाली नव्हती. त्यांची तक्रार एकच: दिवसभर काही काम नाही, तरी नवरा जेवायला वेळेवर येत नाही! मला त्या अभ्यासातल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा ही कुरकुर जास्त सांगून जाते.

आपल्याकडे त्याच मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, सारा आणि सावकाराचं व्याज मात्र चुकत नव्हतं. 1931 च्या सप्टेंबरात ब्रिटनने सुवर्णमान सोडला, पौंडाला बांधलेल्या रुपयात सोन्याचा भाव चढला आणि खेड्यापाड्यांतलं सोनं सराफांच्या हातून परदेशी गेलं. सरकारी आकड्यांत ती निर्यात होती. घरात ती कुणाची पाटली होती, कुणाची एकदाणी.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी कुणी बँकेत बसेल, कुणी सरकारी योजनेच्या पाहणीला जाईल. हातातल्या तक्त्यात ‘कुटुंबाचे उत्पन्न’ असा एकच रकाना असेल. तो जरूर भरा. मग घरातल्या बाईशी वेगळं बसून दोन गोष्टी विचारा: गेल्या वर्षभरात काय विकलं, आणि शाळा कुणाची सुटली?