अपमान कशाला म्हणायचे आणि टीका कशाला?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही एका अवघड प्रश्नावर बोलणार आहोत. तिरंग्याचा किंवा संविधानाचा कोणी अपमान केला, तर आपण काय करायचे?

तिरंगा आपल्याला परका नाही. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने तो स्वीकारला, तेव्हा चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचे चक्र आले. ध्वज ठरवणाऱ्या समितीत बाबासाहेब होते. संविधानाचे तर सांगायलाच नको. म्हणून या दोहोंना कोणी हात लावला की आपले रक्त तापते.

आता कायदा बघा. राष्ट्र प्रतिष्ठा अपमान प्रतिबंध अधिनियम १९७१ चा आहे. सार्वजनिक ठिकाणी ध्वज किंवा संविधान जाळणे, फाडणे, तुडवणे, शब्दांनी त्याची अवहेलना करणे हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे, ते फार थोडे लोक वाचतात. संविधानात दुरुस्ती व्हावी किंवा ध्वज बदलावा म्हणून सनदशीर मार्गाने कोणी संविधानावर, ध्वजावर, सरकारच्या कामावर टीका केली, तर तो गुन्हा नाही. म्हणजे अवहेलना वेगळी आणि टीका वेगळी.

हा फरक आपल्याला सर्वांत जास्त जपला पाहिजे. का? २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत खुद्द बाबासाहेब म्हणाले होते की, हे संविधान जाळायला मीच पहिला पुढे येईन. त्यांनी अपमान केला काय? नाही. अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी झगडणाऱ्या माणसाचा तो संताप होता. संतापाचे तोंड बंद केले असते, तर आपलेच तोंड बंद झाले असते.

काही लोक आम्हाला विचारतात, "तुम्ही १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली, मग ९ ऑगस्ट २०१८ ला दिल्लीत जंतरमंतरवर संविधानाची प्रत जाळली, तर का चिडता?" त्यांना सांगा, मनुस्मृतीने माणसाला जन्मावरून माणूसपण नाकारले. संविधान मात्र ते जाळणाऱ्यालासुद्धा वकील देते, न्यायालय देते. दिल्लीच्या प्रकरणात याच कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. मार्ग तोच आहे.

कलम १९ ने बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आणि देशाची अखंडता, सुव्यवस्था, बदनामी अशी बंधनेही मोजून घातली. पण आदर सक्तीने येत नाही. केरळात तीन मुले राष्ट्रगीताला अदबीने उभी राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली सांगितले, त्यांना परत घ्या. न गाणे म्हणजे अपमान नव्हे.

आता परभणीची आठवण काढू. १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली, आणि १५ डिसेंबरला कायद्याचे शिक्षण घेणारा आपला एक तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. मोडतोड एकाने केली, किंमत आपल्या वस्तीने मोजली. राग खरा होता. पण रागाने रस्त्यावर आलेली पोरं कोणाच्या हाती सापडतात, हे आपण पाहिले.

भगवान बुद्धांनी ब्रह्मजाल सुत्तात भिक्खूंना सांगितले आहे : कोणी बुद्धाची, धम्माची, संघाची निंदा केली तर संतापू नका. संतापलात तर समोरचा खरे बोलतो की खोटे, हेच तुम्हाला कळणार नाही. जे खोटे असेल, ते खोटे म्हणून दाखवून द्या.

म्हणजे गप्प बसायचे काय? मुळीच नाही! अपमान झाला तर साक्षीदार गाठा, लेखी तक्रार द्या, गुन्हा नोंदल्याशिवाय ठाण्यातून हलू नका, वकील उभा करा, शांततेने मोर्चा काढा. पण कोणी नुसती टीका केली, तर तिला उत्तर द्या, तिच्यावर खटला मागू नका. आज दुसऱ्याच्या टीकेला अपमान ठरवू दिले, तर उद्या आपल्या गेटसभेतले भाषणही अपमान ठरेल.

दर रविवारी वंदनेनंतर मुलांकडून संविधानाचे एक कलम वाचून घ्या. सुरुवात कलम १९ पासून करा, एवढीच विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम! जय भारत!