दुसरी नजर

(मंडळाच्या महिला शाखेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाखेकडे एक प्रस्ताव आलाय. ‘आमचा कॉम्प्युटर स्तनाचा कॅन्सर ओळखतो, तुम्ही सभागृह द्या, शिबिर आम्ही घेतो.’ हो म्हणावं का, असं कार्यकारिणीनं मला विचारलं. रेडिऑलॉजीत आयुष्य गेलं तरी याचं एका शब्दात उत्तर मला देता येत नाही. म्हणून आज थोडं सविस्तर बोलते.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. प्रत्येक बाजूची दोन, अशी चार चित्रं. त्यांत आम्ही मुख्यतः चुन्याचे अगदी बारीक कण शोधतो, रव्याच्या दाण्याहूनही लहान, एका जागी घोळका करून बसलेले. किंवा काटे फुटल्यासारख्या कडांची पांढरी सावली. पंचाईत अशी की स्तनातल्या ग्रंथीही चित्रात पांढऱ्याच दिसतात. तरुणपणी त्या दाट असतात, वयाबरोबर चरबी वाढते आणि चित्र काळसर, स्वच्छ होत जातं. दाट स्तनात गाठ शोधणं म्हणजे पांढऱ्या रांगोळीत सांडलेलं मीठ वेचणं. त्यात, काहीही त्रास नसलेल्या हजार बायका तपासल्या तर पाच-सहा जणींनाच कॅन्सर निघतो. बाकी सगळी चित्रं निर्दोष. डोळा थकतो, चुकतो. म्हणूनच युरोपात बऱ्याच ठिकाणी एकच चित्र दोन डॉक्टर वेगवेगळे पाहतात.

ही दुसरी नजर यंत्राची का असू नये, हा विचार जुनाच. १९६७ साली विन्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी असा प्रयत्न छापला होता. पुढे शिकागो विद्यापीठात त्यावर बरंच काम झालं, आणि १९९८ मध्ये अमेरिकी सरकारनं पहिल्या यंत्राला परवानगी दिली. डॉक्टरनं आधी स्वतः चित्र पाहायचं, मग बटण दाबायचं. यंत्र संशयाच्या जागी खुणा करणार. तिकडच्या सरकारी विम्यानं त्याचे जादा पैसे द्यायला सुरुवात केली आणि यंत्रं भराभर खपली. (पैसे मिळतात म्हटल्यावर खपणारच, ते इंदूर काय नि अमेरिका काय.)

२००७ साली हिशेब बाहेर आला. ४३ केंद्रं, सव्वादोन लाखांच्या आसपास बायका. यंत्र आल्यावर सुई टोचून तुकडा काढण्याचं प्रमाण जवळजवळ २० टक्क्यांनी वाढलं, पण सापडलेल्या कॅन्सरमध्ये ठाम म्हणावी अशी वाढ नाही. २०१५ च्या आणखी मोठ्या पाहणीतही फायदा दिसला नाही. कारण साधं आहे. यंत्र निर्दोष चित्रांवरही खुणा करत असे. प्रत्येक खूण खोटी आहे हे डॉक्टरनं ठरवायचं, आणि नाही ठरवता आलं तर त्या बाईला परत बोलवायचं. परत बोलावलेली बाई निकाल येईपर्यंत कशी झोपते, ते तिचं तिलाच ठाऊक.

आताची यंत्रं निराळी. त्यांना नियम पढवलेले नाहीत. निदान ठाऊक असलेली लाखो चित्रं दाखवून ती तयार केलीत. स्वीडनमध्ये ८०,०३३ बायकांवर त्यांची परीक्षा झाली, २०२३ मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या पद्धतीनं २०३ जणींचे कॅन्सर सापडले, यंत्राच्या मदतीनं २४४, आणि डॉक्टरांचं चित्रं वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं. मला याचं मनापासून कौतुक आहे. पण नीट ऐका: डॉक्टर तिथेही होताच. कमी धोक्याची चित्रं एकानं पाहिली, जास्त धोक्याची दोघांनी. आणि स्वीडनमध्ये ४० ते ७४ वयाच्या बायकांना ठरावीक काळानं बोलावणं जातं, पुढच्या उपचारांची सोयही असते. आपल्याकडे हा आजार तुलनेनं लहान वयात होतो, म्हणजे दाट स्तनात. तिकडच्या चित्रांवर शिकलेलं यंत्र इथे तितकंच नेमकं निघेल, असं गृहीत धरू नका.

उलट मुंबईचं पाहा. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर अभ्यास केला. निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असं चार वेळा, हातानं तपासले. यंत्र नाही, वीज नाही. वीस वर्षांनी पाहिलं तर पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत मात्र तसा फरक दिसला नाही, तेही सांगायलाच हवं.

तेव्हा शिबिरवाल्यांना विचारा, चित्र मॅमोग्राफीचं आहे की आणखी कसलं? यंत्राचा निकाल कोणता रेडिऑलॉजिस्ट तपासून सही करणार? संशय आला तर सोनोग्राफी आणि बायॉप्सी कुठे, कुणाच्या खर्चानं? उत्तरं कागदावर मिळाली तर सभागृह द्या. ‘सगळं कॉम्प्युटरच करतो’ असं म्हणाले तर चहा पाजून निरोप द्या.

आणि काकू-मावश्यांनो, ज्यांना गाठ हाताला लागलीय, कातडी आत ओढली गेलीय, स्तनाग्रातून रक्त येतंय, त्यांनी शिबिराची वाट पाहू नये. रिपोर्ट ‘नॉर्मल’ असला तरी दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. गौरी-गणपती होऊ देत, मुलीचं बाळंतपण उरकू दे, असं म्हणत सहा महिने काढलेल्या बायका मी फार पाहिल्यात.

विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी मी इथेच कार्यालयात बसेन. जुने रिपोर्ट असतील तर फिल्मसकट घेऊन या. नुसता कागद आणू नका.